फळ्यासमोरची दहा मिनिटं



1993 साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या किर्शबाउम, पिर्के आणि हेलहॅमर या तिघा संशोधकांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. निरोगी माणसाला कसलीही इजा न करता हमखास ताण कसा आणायचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्यांनी काढलेला तोडगा अगदी साधा होता. माणसाला अनोळखी परीक्षकांसमोर उभं करायचं. पाच मिनिटं स्वतःविषयी बोलायला लावायचं आणि पुढची पाच मिनिटं तोंडी गणित करायला सांगायचं. 1022 मधून 13 वजा करत जा, 1009, 996, 983, जितक्या भराभर जमेल तितक्या. चुकलं की परीक्षक म्हणणार, पुन्हा 1022 पासून. परीक्षकांना मुख्य सूचना अशी, की हसायचं नाही, मान डोलवायची नाही, चेहऱ्यावर काही म्हणजे काही दाखवायचं नाही. एवढ्यावर लाळेतल्या कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं प्रमाण दुपटीपासून चौपटीपर्यंत चढलं. तेव्हापासून आजपर्यंत जगभरच्या प्रयोगशाळांत ताण निर्माण करायचा झाला की हीच पद्धत सर्रास वापरली जाते.

आपल्याकडे या दहा मिनिटांना गणिताचा तास म्हणतात. फळ्यासमोर उभा केलेला मुलगा, पाठीमागे टक लावून बसलेला अख्खा वर्ग, बाजूला खडू हातात धरून निर्विकार उभे असलेले गुरुजी, आणि 'चुकलं, पहिल्यापासून म्हण' ही आज्ञा. फरक असा, की ट्रिअरमध्ये प्रौढ माणसांची आधी संमती घेतली जाते आणि प्रयोग संपल्यावर हे सारं मुद्दाम घडवलं होतं, असं त्यांना समजावून सांगितलं जातं. आपल्या मुलाला असं कुणी सांगत नाही. तो आपल्याला गणित येत नाही, एवढाच अर्थ घेऊन जागेवर बसतो.

विद्यार्थ्यांच्या ताणाविषयी आपण बोलतो ते तो मुलाच्या मनात शिरलेला एखादा विकार असावा तसं. मग समुपदेशक येतात, प्राणायाम येतो, 'घाबरू नका' असं सांगणारी पत्रकं येतात. यातलं काहीच वाईट नाही. पण ताण जिथून निघतो ती यंत्रणा वर्गातच मांडलेली असते, बाकांसारखी आणि वेळापत्रकासारखी. माणसांनी मांडलेली आहे म्हणून माणसांना ती हलवताही येते. आणि ती चालू असताना आपण जी गुणवत्ता मोजतो, तीत बुद्धी किती आणि भीती किती, हे आपल्याला सांगता येत नाही. मला या दुसऱ्या गोष्टीची अधिक काळजी वाटते, कारण ती न्यायाची गोष्ट आहे. आज मी एवढंच मांडणार आहे.

आधी शरीराकडे पाहू. धोका जाणवला की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून आधी अ‍ॅड्रेनालिन आणि काही मिनिटांनी कॉर्टिसॉल रक्तात येतं. हान्स सेल्ये यांनी 1936 मध्ये ताणाची कल्पना मांडली तेव्हा सगळं लक्ष पोट, ग्रंथी, प्रतिकारशक्ती यांच्याकडे होतं. मेंदू हा हुकूम देणारा, हुकमाचा परिणाम त्याच्यावर होत नसावा, असा समज होता. 1968 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या ब्रूस मॅकएवेन यांनी उंदरांत दाखवलं, की हे संप्रेरक मेंदूत शिरतं आणि हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात सर्वाधिक साठून राहतं. हिप्पोकॅम्पस म्हणजे नव्या आठवणी बांधणारा भाग. शिकणं जिथे घडतं तिथेच ताणाचा रसायनदूत जाऊन बसतो, ही गोष्ट त्या दिवशी कळली.

दुसरा भाग कपाळामागचा, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. त्याचं काम सांगायला आपल्या भाषेत एक उत्तम शब्द आयताच आहे, तो म्हणजे 'हातचा'. सत्तावीस आणि अठ्ठावीस मिळवताना सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. हा एक कुठेही लिहिलेला नसतो, तो काही क्षण मनाच्या पाटीवर धरून ठेवायचा असतो. ही पाटी कपाळामागे असते आणि ती फार लहान असते. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांच्या अनेक वर्षांच्या कामातून दिसलं, की आपल्या हाती काही नाही अशी भावना देणारा सौम्य ताणसुद्धा या भागाचं काम पटकन ढिलं करतो. फळ्यासमोरच्या मुलाचा हातचा म्हणजे सर्वांत आधी जाणारी वस्तू. ज्याला आपण ततपप होणं म्हणतो, ते मेंदूच्या पातळीवर जवळपास हेच असतं. बेरीज त्याला येत असते, पण हातचा धरायला पाटी मोकळी नसते, कारण तिच्यावर 'सगळे बघतायत' असं आधीच लिहिलेलं असतं.

पाठ असलेलं ऐन वेळी न आठवणं हा याहून वेगळा प्रकार. 1998 मध्ये डॉमिनिक द केर्व्हाँ आणि सहकाऱ्यांनी उंदरांना पाण्याखाली दडवलेला चौथरा शोधायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी चाचणीआधी अर्धा तास त्यांना विजेचा धक्का दिला तर चौथरा कुठे आहे ते उंदरांना आठवेना. तोच धक्का दोन मिनिटं आधी किंवा चार तास आधी दिला तर फरक पडला नाही. कॉर्टिसॉल चढायला लागणारा वेळ आणि विसर पडण्याचा वेळ जुळत होता. दोन वर्षांनी त्यांनी माणसांवर हेच तपासलं. आदल्या दिवशी शब्दांची यादी शिकलेल्यांना चाचणीपूर्वी तासभर कॉर्टिसोनची गोळी दिली, तेव्हा त्यांना कमी शब्द आठवले. शिकण्याच्या वेळी गोळी दिली तेव्हा तसं झालं नाही. 'पेपर हातात आला आणि सगळं पुसलं गेलं' असं मूल म्हणतं तेव्हा आपण ती सबब समजतो. या प्रयोगांच्या उजेडात ती सबब बरीच खरी दिसते. ज्ञान आत असतं, कोठाराला तात्पुरतं कुलूप लागतं आणि पेपर संपवून घरी जाताना ते आपोआप उघडतं.

हा झाला तासाभराचा ताण. महिनोन्‌महिने चालणाऱ्या ताणाचं काय? इथे आपल्याच देशातलं काम महत्त्वाचं आहे. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2002 मध्ये दाखवलं, की उंदरांना रोज दोन तास असे दहा दिवस जखडून ठेवलं तर हिप्पोकॅम्पसमधल्या चेतापेशींच्या फांद्या आखडतात, पण भीतीचं केंद्र असलेल्या अमिग्डलामध्ये त्याच ताणाने फांद्या वाढतात. म्हणजे ताण मेंदूला सरसकट खुरटवतो असं नाही. शिकणारा भाग आखडतो आणि घाबरणारा भाग फोफावतो. 2004 च्या त्यांच्या पुढच्या कामात उंदरांना 21 दिवस विसावा दिल्यावरही अमिग्डलातली वाढ ओसरली नाही. भीतीने मूल काहीच शिकत नाही, हे म्हणणं म्हणून चुकीचं आहे. ते भीती शिकतं, आणि ती फार पक्की शिकतं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याला हे चित्र परकं वाटू नये. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या काळ्या रानात पाणी आलं, ऊस आला, आणि निचऱ्याविना पाणी देत राहिल्याने खालचे क्षार वर येऊन रानं पांढरी पडली. ज्या पाण्याने पीक उभं केलं त्यानेच जमीन नापीक केली. त्यावर शोधलेला उपाय पाणी तोडण्याचा नव्हता, जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून पाण्याला वाट काढून देण्याचा होता. ताणाच्या शास्त्रातही भेद असाच पडतो. चढून उतरणारा ताण शरीराला झेपतो, कधी उपकारकही होतो. चढलेला उतरतच नाही, तो क्षारपड करतो. माणसाच्या बाबतीत निचऱ्याचा पुरावाही आहे. 2009 मध्ये लिस्टन, मॅकएवेन आणि केसी यांनी परवाना परीक्षेच्या तयारीत महिनाभर पिळून निघालेल्या 20 वैद्यकीय विद्यार्थ्यांची तपासणी केली. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर वळवणं त्यांना जड जात होतं आणि कपाळामागच्या भागाचे इतर भागांशी संबंध सैल पडले होते. ताण सरल्यावर महिन्याभराने दोन्ही पूर्ववत झालं. पण ही विशीतली माणसं, आणि त्यांची परीक्षा एका तारखेला संपणारी. नववीच्या सुट्टीत दहावीचा क्लास सुरू होणाऱ्या आणि दहावीचा निकाल लागायच्या आत पुढच्या प्रवेश परीक्षेच्या बॅचमध्ये नाव घातलेल्या मुलाला तो महिना कधी मिळतो?

सगळे ताण सारखे नसतात, हे आता नीट पाहायला हवं, कारण माझा सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी यांनी 2004 मध्ये प्रयोगशाळेतल्या ताणाचे 208 अभ्यास एकत्र करून विचारलं, कॉर्टिसॉल नेमकं कशाने चढतं? काम अवघड असल्याने चढतं का, खूप मेहनत पडल्याने का? उत्तर असं आलं, की दोन गोष्टी एकत्र आल्या की ते सर्वाधिक चढतं आणि सर्वांत उशिरा उतरतं. एक, लोक आपल्याला जोखत आहेत आणि त्यांच्यासमोर आपली शोभा होऊ शकते. दोन, काहीही केलं तरी निकाल आपल्या हातात नाही. यात तिसरी गोष्ट जोडावी लागते, ती अनिश्चितता. जे वाइस यांच्या जुन्या प्रयोगात दोन उंदरांना सारखेच धक्के बसत. एकाला धक्क्याआधी सूचनेचा आवाज ऐकू येई, दुसऱ्याला केव्हा बसेल याचा पत्ता नसे. दुसऱ्याच्या जठरात अल्सर कितीतरी जास्त निघाले. धक्का तोच, पण पहिल्याला निदान दोन धक्क्यांमध्ये निवांत बसता येत होतं.

चारचौघांत शोभा, हातात काही नसणं, आणि केव्हा काय होईल याचा नेम नसणं. या तीन गोष्टी घेऊन कुठल्याही वर्गात जाऊन बसावं. अचानक पुकारलेला हजेरी क्रमांक, गुणांच्या उतरत्या क्रमाने वाटलेल्या उत्तरपत्रिका, वाचून दाखवलेलं चुकीचं उत्तर, 'अ' तुकडी आणि 'ड' तुकडी, नोटीस बोर्डावरचे पहिले दहा. अभ्यासाचं ओझं यात कुठेच नाही. मुलांना खाली दाबतो तो अभ्यास, असं धरून आपण वर्षानुवर्षं दप्तराचं वजन करत आलो. वजन जरूर कमी करावं, पाठीला बरं वाटेल. पण अवघड गणित तासभर झुंजून सोडवणाऱ्या मुलाचा ताण वेगळा आणि सोपं गणित वर्गासमोर चुकेल म्हणून थरथरणाऱ्या मुलाचा वेगळा. पहिला हवाच आहे.

या कोल्हापूर शहरात एक जुना दाखला आहे. शाहू महाराजांचं शैक्षणिक कार्य आपण वसतिगृहं आणि सक्तीचं शिक्षण या दोन शब्दांत सांगतो. 1901 मधलं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग, त्याच वर्षीचं जैन बोर्डिंग, 1908 मधलं अस्पृश्य मुलांसाठीचं मिस क्लार्क वसतिगृह, 1917 चा मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा. जेवणाची आणि निवाऱ्याची चिंता मिटल्याशिवाय पोराचं चित्त पुस्तकात रमत नाही, हे त्यांना कॉर्टिसॉलचं नावही न घेता कळलं होतं. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने त्यांचा सर्वांत मोलाचा निर्णय 1919 चा आहे. अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर एकाच शाळेत बसवण्याचा तो हुकूम. वेगळं बसवणं हा चारचौघांत जोखलं जाण्याचा पराकोटीचा प्रकार, आणि जात तर मुलाच्या हातात नसतेच. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी या शतकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च आणि दलित जातींच्या मुलांच्या कामगिरीत फरक नव्हता. सोडवण्यापूर्वी प्रत्येकाचं नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखवली, तेव्हा दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. त्यांनी संप्रेरकं मोजली नव्हती, त्यामुळे हा मेंदूचा पुरावा नाही. पण शिष्यवृत्तीचे अर्ज वाटताना वर्गात जातीचे गट पुकारून हात वर करायला लावणं ही निव्वळ कार्यालयीन सोय आहे, असं यापुढे कुणी म्हणू नये. पुढच्या तासाला त्याच मुलांची चाचणी असेल तर तिच्या गुणांत त्या हात वर करण्याचाही वाटा असतो.

उसाच्या या मुलुखात आणखी एका अभ्यासाची आठवण करून देणं भाग आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियाइंग झाओ यांनी 2013 मध्ये तमिळनाडूतल्या 464 ऊस उत्पादकांची बौद्धिक चाचणी दोनदा घेतली, एकदा तोडणीपूर्वी हातात पैसा नसताना आणि एकदा बिल मिळाल्यावर. तीच माणसं, तोच मेंदू, पण बिलाआधीचे गुण कमी. या निष्कर्षावर आक्षेप आले आहेत. दुसऱ्यांदा चाचणी देताना सरावाने गुण वाढतात, आणि आकडेवारी वेगळ्या रीतीने मांडली तर परिणाम पुसट होतो, असं टीकाकारांनी दाखवलं. मीही तो अभ्यास ब्रह्मवाक्य म्हणून सांगत नाही. पण तो शिक्षकाला एक प्रश्न विचारायला शिकवतो. एफआरपीचा, म्हणजे उसाच्या ठरलेल्या दराचा, हप्ता थकलेल्या घरातलं मूल, गळीत हंगामात बीडहून ऊसतोड टोळीबरोबर आलेलं आणि अर्ध्या वर्षात शाळा बदललेलं मूल, हे ज्या दिवशी चाचणी देतं त्या दिवशी आपण काय मोजतो? पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांवर आलं की इशारा आणि 43 वर धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. 2019 च्या ऑगस्टमध्ये ते 55 फुटांपलीकडे गेलं, 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा महापूर आला, तोही करोनाने शाळा बंद असलेल्या काळात. नदीकाठच्या वाड्यावस्त्यांवरच्या मुलांना त्यानंतरच्या प्रत्येक श्रावणात ढगाकडे पाहून काय वाटत असेल, याची नोंद प्रगतिपुस्तकात होत नाही.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत जोरकस असा, की ताणाशिवाय कुणी शिकतं का? मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत येर्कीस आणि डॉडसन यांच्या नावाने एक उलट्या वाडग्यासारखी आकृती असते. थोडा ताण उत्तम, फार कमी किंवा फार जास्त वाईट. मुळात 1908 चा तो प्रयोग नाचऱ्या जातीच्या उंदरांवरचा. पांढरी आणि काळी अशा दोन पेट्यांतून योग्य पेटी निवडायची, चुकलं की विजेचा धक्का. फरक ओळखणं सोपं होतं तेव्हा धक्का जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणं अवघड केलं तेव्हा मात्र जोराच्या धक्क्याने शिकणं मंदावलं. म्हणजे काम जितकं सूक्ष्म, तितका सोसवणारा ताण कमी. आकृती सगळे दाखवतात, ही निम्मी गोष्ट गाळतात. छडी आणि विद्या यांची सांगड घालणारी आपली लोकप्रिय समजूत इथे तपासून घ्यावी. छडीच्या काळातली शाळा मुलांकडून मागत काय होती? पाढे, परवचा, व्याकरणाची रूपं, सनावळ्या. अशा ठरीव गोष्टी धाकाने घोटल्या जातात, हे मी नाकारत नाही. आज आपण नव्या धोरणाच्या कागदांवर समज, उपयोजन, सर्जनशीलता मागतो आणि वर्गात वातावरण पाढ्यांचं ठेवतो. लार्स श्वाबे आणि ऑलिव्हर वुल्फ यांच्या प्रयोगांत ताणाखालची माणसं विचारपूर्वक वागणं सोडून सवयीच्या वागण्यावर घसरताना दिसली. घाबरलेला विद्यार्थी गाइडमधलं उत्तर जसंच्या तसं उतरवतो, त्याला आपण घोकंपट्टी म्हणून हिणवतो. त्या क्षणी त्याचा मेंदू त्याला तेवढंच देऊ करत असतो.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा. आम्ही मार खाल्ला, रॉकेलच्या दिव्यावर शिकलो, आमचं काय वाईट झालं? या आक्षेपात एक हिशेबाची चूक आहे. ज्यांचं वाईट झालं ते हे वाक्य म्हणायला सभागृहात येत नाहीत. शाळा सोडून गुरांमागे किंवा हातमागावर गेलेल्यांची आत्मचरित्रं कुणी छापली नाहीत. आणि कष्टातून वर आलेल्यांच्या कहाण्या नीट वाचल्या तर बहुतेकांत एखादे मास्तर, एखादं बोर्डिंग, फी भरणारा एखादा मामा सापडतो. ताण होता, पण त्याला निचरा होता. कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढे त्यांनी रयतेच्या पोरांसाठी तसंच छप्पर गावोगाव उभं केलं. कष्ट मुलाला घडवतात असं नुसतं त्यांचं मत असतं, तर वसतिगृहं काढायची काय गरज होती?

तिसरा आक्षेप असा, की मग परीक्षा काढून टाकायच्या का? मी याच्या अगदी उलट म्हणेन. रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये विद्यार्थ्यांच्या दोन गटांना एकच उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्याने न पाहता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के. स्वतःची परीक्षा घेणं हीच शिकण्याची उत्तम रीत. त्याहून रंजक काम 2016 चं आहे. एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी 120 जणांना अशाच दोन पद्धतींनी शिकवून मग ताण दिला, तोही भाषण आणि तोंडी गणिताचाच. नुसतं वाचून शिकलेल्यांची आठवण घसरली. वारंवार आठवून शिकलेल्यांची घसरली नाही. परीक्षेच्या भीतीवरचं औषध परीक्षाच निघालं, पण लहान मात्रेत, रोज, आणि गुणांची नोंद न ठेवता. कोऱ्या कागदावर कालच्या तासातल्या तीन गोष्टी लिहा, शेजाऱ्याला दाखवू नका, मलाही देऊ नका, एवढं म्हणायला पाच मिनिटं लागतात. शिष्यवृत्तीच्या वर्गात, जादा तासाला, आपले शिक्षक चाचण्या भरपूर घेतात. पण प्रत्येक चाचणीचे गुण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जातात आणि औषधाचं पुन्हा दुखणं होतं.

आत्महत्यांचा उल्लेख मी मुद्दाम आतापर्यंत टाळला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालात देशातल्या 13,044 विद्यार्थ्यांची नोंद आहे आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा आहे. पण अशा प्रत्येक मृत्यूमागे अनेक कारणं गुंतलेली असतात, आणि त्या आकड्यावर परीक्षेचं एकच लेबल चिकटवणं हा त्या मुलांवर आणखी एक अन्याय होईल. शिवाय असा आकडा पुढे आला की आपण अपवादाबद्दल बोलू लागतो आणि रोजचं विसरतो. मला रोजच्या, कुणाच्या लक्षात न येणाऱ्या नुकसानाविषयी बोलायचं आहे. हात वर करायचं सोडून दिलेल्या मुलीविषयी.

काय करता येईल याची चांगली साक्ष याच शहरात आहे. शिक्षणतज्ज्ञ लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केलं. मराठी माध्यमाची, स्पर्धा आणि शिक्षा यांना बाजूला ठेवणारी, मुलांच्या प्रश्नांपासून धडा सुरू करणारी शाळा. शिक्षा कायद्याने बंद व्हायला नंतर पाव शतक जावं लागलं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी घातली. छडी त्यानंतर बऱ्याच अंशी दिसेनाशी झाली, टोमणा मात्र राहिला, कारण टोमण्याचा वळ दिसत नाही. सृजन आनंदबद्दल नेहमी एक शंका घेतली जाते, की निवडक शिक्षक आणि जिव्हाळ्याने बांधलेले पालक असलेल्या शाळेत हे जमेल, पण द्विशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींनी काय करावं? शंका रास्त आहे. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत जन्मलेले जे. पी. नाईक समता, गुणवत्ता आणि संख्या यांचा त्रिकोण हाती लागत नाही म्हणून हळहळले होते, ते काही उगाच नाही.

पण फळ्यासमोरचा ताण कमी करायला खर्च लागतो, हे मला मान्य नाही. अमेरिकेतल्या मेरी बड रो यांनी वर्गातलं संभाषण ध्वनिमुद्रित करून मोजलं, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदच थांबत होते. तेच त्यांनी तीन सेकंद थांबायला शिकवलं तर उत्तरं लांबली, नेहमी गप्प राहणारी मुलं बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झालं. दोन सेकंदांना काय पैसे पडतात? फळ्यावर कोणाला बोलावणार हे आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर वाइस यांच्या पहिल्या उंदराला मिळालेली सूचना आपल्या मुलांनाही मिळेल. गुण सांगायचे तर एकेकाला जवळ बोलावून सांगता येतात. चूक फळ्यावर लिहायची तर नाव न घेता लिहिता येते. हे सगळं आपल्याकडचे कित्येक चांगले शिक्षक आजही करतात, कुणी शास्त्र सांगितलं म्हणून नाही, स्वभाव म्हणून.

करत नाहीत त्यांच्याकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट. कॅनडातल्या ओबर्ले आणि शोनर्ट-रायकल यांनी 2016 मध्ये चौथी ते सातवीच्या 400 हून अधिक मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल मोजलं. ज्या वर्गाचे शिक्षक जास्त थकलेले, उबगलेले होते, त्या वर्गातल्या मुलांचं कॉर्टिसॉल जास्त होतं. शिक्षक मुलांमुळे उबगले की मुलं शिक्षकांमुळे ताणली गेली, हे त्यातून ठरत नाही, बहुधा दोन्ही खरं असेल. पण मतदार याद्या, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी आणि रात्री अकरा वाजता 'तातडीने माहिती भरावी' म्हणून येणारे संदेश ज्या माणसाच्या उरावर आहेत, त्याने सकाळच्या तासाला तीन सेकंद थांबावं, अशी अपेक्षा करताना त्याचाही निचरा कुठे होतो हे विचारायला हवं. मुलांच्या झोपेचा विचार करून सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. गुरुजींच्या रात्रीबद्दल अजून असं कोणतं परिपत्रक निघालेलं नाही.

शेवटची गोष्ट बोर्डाच्या परीक्षेची. पूर्वी प्रश्नपत्रिका वेळेआधी दहा मिनिटं हातात मिळत असे, शांतपणे वाचायला. प्रश्नपत्रिकेची छायाचित्रं मोबाइलवर फिरू लागली म्हणून 2023 पासून ती दहा मिनिटं सुरुवातीची काढून शेवटी जोडली. गैरप्रकार रोखण्याच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा आहे. पण आज मांडलेला पुरावा थोडा जरी खरा असेल, तर ही दहा मिनिटं कुठे द्यायची हा बंदोबस्ताइतकाच शिक्षणाचाही प्रश्न आहे. सुरुवातीची दहा मिनिटं कुलूप उघडण्याची, शेवटची दहा मिनिटं हात दुखेपर्यंत लिहिण्याची. कोणाचा फायदा कुठे होतो, घाबरणाऱ्याचा की न घाबरणाऱ्याचा, हे शोधायला मेंदूचं छायाचित्रण लागत नाही. सातारा, सांगली आणि कोल्हापूर मिळून बोर्डाचा एक विभाग आहे. या तीन जिल्ह्यांतल्या शाळांनी आपल्या पूर्वपरीक्षेत निम्म्या वर्गांना दहा मिनिटं आधी आणि निम्म्यांना नंतर देऊन पाहावीत. पूर्वपरीक्षा जानेवारीच्या आसपास असते, ठरवायला अजून वेळ आहे.